बर्नआउट (व्यावसायिक थकवा)

बर्नआउट म्हणजे कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ टिकून राहिलेल्या आणि योग्य रीतीने न हाताळल्या गेलेल्या ताणातून निर्माण होणारी शारीरिक, भावनिक व मानसिक थकव्याची अवस्था होय. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ 'जळून संपणे' असा आहे. मराठीत या अवस्थेचा उल्लेख 'व्यावसायिक थकवा' किंवा 'कामामुळे येणारी दमछाक' असाही केला जातो. तथापि बर्नआउट हाच शब्द अधिक रूढ आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी वाढत जाणारा दुरावा आणि आपल्या हातून काही भरीव घडत नाही अशी जाणीव ही तिची तीन प्रमुख लक्षणे मानली जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला आजार मानलेले नसून 'व्यवसायाशी निगडित स्थिती' असे त्याचे वर्गीकरण केले आहे. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, वकील, सनदी लेखापाल, संगणक अभियंते, व्यवस्थापक व संशोधक अशा अनेक व्यवसायांत ही अवस्था आढळते. उच्च यश मिळवलेल्या व्यावसायिकांमध्ये ती उशिरा ओळखली जाण्याची शक्यता असते. पद, वेतन व प्रतिष्ठा यांत बाहेरून कोणतीही उणीव दिसत नाही, कामही बराच काळ वेळेवर पूर्ण होत राहते आणि त्यामुळे आतील रितेपणाकडे आप्तांचे, सहकाऱ्यांचे व खुद्द त्या व्यक्तीचेही दुर्लक्ष होते.

संज्ञेचा उगम

बर्नआउट ही संज्ञा मानसशास्त्रात रूढ करण्याचे श्रेय हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर (१९२६–१९९९) यांना दिले जाते. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे जन्मलेले फ्रॉइडेनबर्गर नाझी राजवटीत बालपणीच देश सोडून अमेरिकेत आले व पुढे न्यू यॉर्कमध्ये मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. स्वतःचा व्यवसाय सांभाळून ते एका विनामूल्य दवाखान्यात सेवा देत. तेथील स्वयंसेवक आरंभी अत्यंत उत्साही असत. परंतु काही काळाने ते चिडचिडे, उदासीन व थकलेले दिसू लागत, असे त्यांना आढळले. स्वतः फ्रॉइडेनबर्गर यांनाही हाच अनुभव आला. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी या अवस्थेचे वर्णन केले आणि कामाशी सर्वाधिक एकनिष्ठ असलेल्या व्यक्तींनाच तिचा धोका अधिक असतो, असे मत मांडले. १९८० मध्ये त्यांनी जेराल्डिन रिचेलसन यांच्यासह 'बर्न-आउट : द हाय कॉस्ट ऑफ हाय अचीव्हमेंट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. उच्च यशाची मोजावी लागणारी किंमत हा त्याचा विषय शीर्षकातूनच स्पष्ट होतो.

त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील सामाजिक मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीना मास्लाक या आरोग्यसेवा व समाजसेवा क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेत होत्या. इतरांच्या दुःखाशी रोज संबंध येणारी माणसे आपल्या भावना कशा सांभाळतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. गरिबांना कायदेशीर साहाय्य देणारे वकील याच अवस्थेला बर्नआउट म्हणतात, असे त्यांना समजले. फ्रॉइडेनबर्गर यांनी वैद्यकीय निरीक्षणातून मांडलेल्या संकल्पनेला मास्लाक यांच्या कार्यामुळे मोजमापाचा आधार मिळाला.

साहित्यात ही प्रतिमा त्याआधीच आली होती. ग्रॅहॅम ग्रीन यांच्या १९६०च्या दशकाच्या आरंभीच्या 'अ बर्न्ट-आउट केस' या कादंबरीचा नायक हा कीर्तीच्या शिखरावर असलेला वास्तुविशारद आहे. काम आणि जीवन या दोहोंतील रस संपल्यामुळे तो काँगोमधील एका कुष्ठरोग वसाहतीत निघून जातो.

पूर्वेतिहास

संज्ञा आधुनिक असली तरी अनुभव जुना आहे. अमेरिकी वैद्य जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये 'न्यूरॅस्थेनिया' ही संज्ञा वापरून मज्जासंस्थेच्या थकव्याचे वर्णन केले. रेल्वे, तारायंत्र व शहरी जीवनाची गती यांमुळे बुद्धिजीवी वर्गाची शक्ती क्षीण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

यशातून येणाऱ्या असमाधानाची उदाहरणे आत्मचरित्रांतही सापडतात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्ट्युअर्ट मिल यांना त्यांच्या वडिलांनी बालपणापासून असाधारण कठोर शिक्षण दिले होते. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांचे ग्रीक भाषेचे अध्ययन सुरू झाले होते. तारुण्यात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत काम करत आणि त्याबरोबरच समाजसुधारणेसाठी लेखन करत. १८२६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, आपली सर्व उद्दिष्टे या क्षणी सफल झाली तर आपण सुखी होऊ का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. त्याचे उत्तर नकारार्थी आल्याने ते दीर्घकाळ खिन्नतेत बुडाले. १८७३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. काव्यवाचनाने आपल्याला सावरण्यास मदत झाली आणि सुख हे थेट ध्येय न ठेवता अन्य कशात तरी मन गुंतवल्यानेच ते मिळते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय यांनीही 'कबुली' या आत्मपर ग्रंथात, कीर्ती, कुटुंब व संपत्ती लाभलेली असताना वयाच्या पन्नाशीच्या सुमारास आलेल्या निरर्थकतेच्या जाणिवेचे वर्णन केले आहे. आजच्या व्याख्येनुसार ही उदाहरणे बर्नआउटची म्हणता येत नाहीत. तथापि यश आणि समाधान यांचा संबंध सरळ नसतो, हे त्यांतून दिसते.

लक्षणे आणि मापन

मास्लाक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तयार केलेली २२ विधानांची प्रश्नावली 'मास्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी' या नावाने ओळखली जाते. तिच्यात पुढील तीन घटक मोजले जातात.

भावनिक थकवा : विश्रांतीनंतरही न जाणारा थकवा, सकाळी कामाचा विचार मनात येताच जाणवणारे ओझे, देण्यासारखे आपल्याजवळ काही उरलेले नाही अशी भावना.

दुरावा : ज्यांच्यासाठी काम करायचे त्या रुग्ण, विद्यार्थी वा अशील यांच्याविषयी कोरडेपणा येणे. माणसाऐवजी केवळ 'प्रकरण' दिसू लागते. सेवा क्षेत्राबाहेरील व्यवसायांसाठी नंतर तयार झालेल्या आवृत्तीत या घटकाची जागा कामाविषयीच्या तुच्छतापूर्ण अलिप्ततेने घेतली.

कर्तृत्वाची घटलेली जाणीव : प्रत्यक्षात यश मिळत असूनही आपण अपुरे आहोत, आपल्या कामाला अर्थ नाही, असे वाटणे.

हे तिन्ही घटक एकाच वेळी व सारख्याच प्रमाणात आढळतात असे नाही. उच्च यशप्राप्त व्यावसायिक पुष्कळदा थकवा लपवतात व कामाचे तास वाढवून कार्यक्षमतेतील घट भरून काढतात. त्यामुळे चिडचिड, झोप न लागणे, छंद व मित्रपरिवार सुटणे, सुटीच्या दिवशी अपराधी वाटणे अशा खुणा कामातील घसरणीच्या आधी दिसू शकतात.

ही प्रश्नावली संशोधनासाठी तयार झालेली आहे. व्यक्तीचे निदान करण्यासाठी नाही. कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी व ओल्डेनबर्ग बर्नआउट इन्व्हेंटरी या अन्य प्रश्नावल्याही वापरात आहेत.

वर्गीकरण

आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत बर्नआउटचा उल्लेख 'जीवनशक्ती क्षीण होण्याची अवस्था' एवढाच होता. अकराव्या आवृत्तीला मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मान्यता दिली व ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटची व्याख्या सविस्तर देण्यात आली असून, ही संज्ञा केवळ व्यवसायाच्या संदर्भात वापरावी, जीवनाच्या अन्य क्षेत्रांतील अनुभवांना ती लावू नये, असे स्पष्ट केलेले आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत बर्नआउटचा स्वतंत्र विकार म्हणून समावेश नाही. स्वीडनमध्ये मात्र २००५ पासून दीर्घकालीन ताणातून येणाऱ्या थकव्याच्या विकाराचे अधिकृत निदान करता येते.

कारणे

कामाच्या ठिकाणची कारणे

बर्नआउट हा व्यक्ती आणि तिचे काम यांच्यातील विसंगतीचा परिणाम आहे, असे मास्लाक व मायकेल लायटर यांचे प्रतिपादन आहे. ही विसंगती सहा क्षेत्रांत उद्भवू शकते : कामाचा बोजा, कामावरील नियंत्रण, मोबदला व कदर, सहकाऱ्यांशी असलेले संबंध, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. यांतील केवळ पहिले क्षेत्र कामाच्या प्रमाणाशी संबंधित आहे. म्हणूनच भरपूर काम करूनही काही जण उत्साही राहतात, तर मर्यादित तास काम करणारे काही जण खचतात.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार मागण्या जास्त व निर्णयस्वातंत्र्य कमी अशी कामे सर्वाधिक ताणाची असतात. योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये श्रम आणि त्यांचा मोबदला यांच्या असमतोलावर भर दिला. मोबदल्यात वेतनाबरोबरच सन्मान व नोकरीची सुरक्षितता यांचाही समावेश होतो. २००१ मध्ये मांडल्या गेलेल्या 'मागण्या व साधने' प्रारूपानुसार कामाच्या अति मागण्यांतून थकवा, तर साधनांच्या अभावातून दुरावा निर्माण होतो.

मूल्यांमधील विसंगती उच्चशिक्षित व्यवसायांत विशेष महत्त्वाची ठरते. रुग्ण तपासण्यासाठी वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचा बराच वेळ संगणकीय नोंदी व विम्याच्या कागदपत्रांत जातो. संशोधकाला संशोधनापेक्षा निधी मिळवण्याचे अर्ज अधिक लिहावे लागतात. कुशल अभियंत्याला बढती मिळून तो व्यवस्थापक होतो आणि ज्या कामामुळे तो या क्षेत्रात आला ते काम त्याच्या हातून सुटते.

व्यक्तिगत कारणे

परिपूर्णतेचा अतिरेकी ध्यास हे बहुचर्चित कारण आहे. संशोधक त्याचे दोन भाग करतात. उच्च दर्जाचे काम करण्याची आकांक्षा स्वतःहून फारशी घातक ठरत नाही; परंतु चुकीची धास्ती, इतरांच्या अपेक्षांचे दडपण व सततचे आत्मपरीक्षण यांचा बर्नआउटशी स्पष्ट संबंध आढळतो. थॉमस करन व अँड्र्यू हिल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार १९८९ ते २०१६ या काळात अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये परिपूर्णतेचा ध्यास वाढत गेला होता. समाजाच्या अपेक्षांतून येणाऱ्या प्रकारातील वाढ त्यात सर्वाधिक होती.

पॉलिन क्लान्स व सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांच्या अभ्यासातून 'तोतयेपणाची भावना' वर्णिली. आपले यश हे योगायोगाचे फळ आहे व कधी तरी आपले बिंग फुटेल, अशी भीती अशा व्यक्तींना वाटत राहते. ती भीती टाळण्यासाठी त्या आवश्यकतेपेक्षा अधिक काम करतात. मिळालेले यश त्या अति श्रमांच्या खाती जमा होते आणि आत्मविश्वास वाढत नाही. ही भावना पुरुषांमध्येही आढळते, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले.

यश आणि आंतरिक असमाधान

यश मिळूनही समाधान का मिळत नाही, याची काही मानसशास्त्रीय स्पष्टीकरणे दिली जातात. फिलिप ब्रिकमन व डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये असे मांडले की, माणसाला सुधारलेल्या परिस्थितीची लवकर सवय होते आणि त्याच्या अपेक्षाही त्याच वेगाने वर सरकतात. बढती, पदवी वा घर यांचा आनंद ओसरतो व पुढील टप्पा तेवढाच आवश्यक वाटू लागतो. अमुक एक टप्पा गाठला की आपण कायमचे सुखी होऊ, या समजुतीला टाल बेन-शहार यांनी 'अरायव्हल फॅलसी' म्हणजे 'पोहोचण्याचा भ्रम' असे म्हटले आहे.

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धान्तानुसार स्वायत्तता, सक्षमता आणि जिव्हाळ्याचे संबंध या माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा आहेत. संपत्ती, प्रसिद्धी व बाह्य रूप ही बाह्य उद्दिष्टे, तर आत्मविकास, नाती व समाजासाठी योगदान ही आंतरिक उद्दिष्टे होत. पदवीनंतरच्या काळात तरुणांचा पाठपुरावा करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आंतरिक उद्दिष्टे साध्य झालेल्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे आढळले. बाह्य उद्दिष्टे साध्य झाल्याने मात्र तशी सुधारणा दिसली नाही, उलट अस्वास्थ्याच्या काही खुणा वाढल्या.

बाह्य यशाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्यातून बाहेर पडणे कठीण असते. मोठ्या वेतनावर आधारलेले कर्जाचे हप्ते, कुटुंबाच्या अपेक्षा, अनेक वर्षांचे शिक्षण आणि 'मी म्हणजे माझे काम' अशी दृढ झालेली ओळख यांमुळे असमाधानी व्यक्तीही त्याच मार्गावर चालत राहते. एवढे सारे मिळूनही आपण समाधानी नाही, याची लाज वाटल्याने ती त्याविषयी कोणाशी बोलत नाही.

नैराश्याशी संबंध

बर्नआउट व नैराश्य यांची लक्षणे मोठ्या प्रमाणात सारखी असतात. बर्नआउट ही स्वतंत्र अवस्था नसून नैराश्याचाच एक प्रकार असावा, असे मत रेन्झो बियांकी, इर्विन शॉनफेल्ड आदी संशोधकांनी मांडले आहे. इतर संशोधकांच्या मते बर्नआउट मुख्यतः कामाशी जोडलेले असते, तर नैराश्य जीवनाच्या सर्व क्षेत्रांना व्यापते.

या वादाला व्यावहारिक महत्त्व आहे. 'बर्नआउट' हा शब्द समाजात तुलनेने सहज स्वीकारला जातो. तो अति मेहनतीचे चिन्ह मानला जातो. परिणामी उपचारांची गरज असलेले नैराश्य या नावाखाली झाकले जाऊ शकते. सततची उदासी, कशातच आनंद न वाटणे, भूक व झोप यांत मोठा बदल, निरुपयोगी असल्याची भावना किंवा मृत्यूचे विचार ही लक्षणे असल्यास केवळ सुटी पुरेशी नसते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला आवश्यक ठरतो. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय व झोपेचे विकार यांमुळेही दीर्घ थकवा येत असल्याने शारीरिक तपासणीही केली जाते.

परिणाम

बर्नआउटचा संबंध निद्रानाश, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, स्नायू व सांध्यांचे दुखणे, नैराश्याची लक्षणे आणि कामावरील गैरहजेरी यांच्याशी असल्याचे अभ्यासांतून आढळले आहे. दीर्घ कामाच्या तासांविषयी जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ मध्ये जगभरात सुमारे ७,४५,००० मृत्यूंचा संबंध अशा दीर्घ तासांशी जोडण्यात आला. जपानमध्ये अति कामामुळे येणाऱ्या मृत्यूला 'कारोशी' असा स्वतंत्र शब्द असून, त्याच्या प्रतिबंधासाठी तेथे २०१४ मध्ये कायदा करण्यात आला.

परिणाम केवळ त्या व्यक्तीपुरते राहत नाहीत. अमेरिकेतील ७,९०५ शल्यचिकित्सकांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ९ टक्के शल्यचिकित्सकांनी मागील तीन महिन्यांत आपल्याकडून गंभीर वैद्यकीय चूक झाल्याचे सांगितले. अशा चुकांचा बर्नआउटशी ठळक संबंध आढळला. थकव्यामुळे चूक होते की चुकीच्या अपराधभावनेमुळे थकवा वाढतो, हे अशा पाहणीवरून ठरवता येत नाही. दोन्ही दिशांनी परिणाम होत असण्याची शक्यता आहे.

भारत व महाराष्ट्र

भारतीय कामगार कायद्यांची रचना मुख्यतः कामगारांना डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरवली. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातही साप्ताहिक मर्यादा आहे. परंतु व्यवस्थापकीय व पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांना त्यातून वगळण्यात आले आहे. त्यामुळे अनेक उच्चपदस्थ व्यावसायिक अशा मर्यादेच्या संरक्षणाबाहेर राहतात. पुणे व मुंबई परिसरातील माहिती तंत्रज्ञान उद्योगात युरोप-अमेरिकेतील ग्राहकांच्या सोयीने रात्री उशिरा बैठका घेतल्या जातात आणि दिवसाचे कामही चालू राहते.

निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारने १९९२ मध्ये केलेल्या योजनेत सलग कामाचा अवधी सामान्यतः दिवसाला १२ तासांहून अधिक नसावा, असे नमूद आहे. प्रत्यक्षातील प्रदीर्घ ड्युटी, अपुरी वसतिगृहे व सुरक्षिततेचा अभाव हे प्रश्न महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांच्या 'मार्ड' या संघटनेने वेळोवेळी आंदोलनांतून मांडले आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत व्यक्त केल्यानंतर कामाच्या तासांवर देशभर चर्चा झाली. कामाच्या वेळेनंतर फोन व ईमेल यांना उत्तर न देण्याचा अधिकार मिळावा, यासाठी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८च्या अखेरीस लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. फ्रान्समध्ये अशा स्वरूपाची तरतूद १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे.

प्रतिबंध व उपाय

संस्थात्मक उपाय : कामाचे वाजवी वाटप, पुरेसे मनुष्यबळ, वेळापत्रक ठरवण्यात कर्मचाऱ्यांचा सहभाग, अनावश्यक कागदपत्रांत कपात आणि न्याय्य मूल्यमापन हे प्रमुख उपाय होत. डॉक्टरांसाठीच्या उपायांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा असे दर्शवतो की, उपायांचा एकूण परिणाम मर्यादित असला तरी संस्थेच्या पातळीवरील बदल हे व्यक्तीला दिलेल्या प्रशिक्षणापेक्षा अधिक परिणामकारक ठरतात.

व्यक्तिगत उपाय : पुरेशी झोप, व्यायाम, कामाच्या वेळेची निश्चित सीमा, कामाबाहेरील छंद व नाती जपणे आणि समुपदेशन यांचा लाभ होतो. साबिने सोनेनटाग व शार्लोट फ्रिट्झ यांच्या २००७ मधील मांडणीनुसार खरी विश्रांती चार प्रकारच्या अनुभवांतून मिळते : मनाने कामापासून दूर जाणे, शिथिलता, नवे काही शिकणे आणि मोकळ्या वेळेवर स्वतःचा ताबा असणे. कार्यालयातून बाहेर पडूनही मनात कामच घोळत राहिल्यास विश्रांतीचा उपयोग होत नाही. केवळ सुटी घेणेही पुरेसे नसते. इस्रायलमधील १९९७च्या एका अभ्यासात सुटीमुळे कमी झालेले बर्नआउट कामावर परतल्यानंतर तीन आठवड्यांत पूर्ववत झाल्याचे आढळले.

साहाय्य : भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेद्वारे १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. ही सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

टीका व मतभेद

बर्नआउटच्या व्याख्येविषयी संशोधकांमध्ये एकवाक्यता नाही. डॉक्टरांमधील बर्नआउटवरील १८२ अभ्यासांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात किमान १४२ भिन्न व्याख्या वा निकष वापरल्याचे आढळले आणि नोंदवलेले प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत होते. त्यामुळे 'अमुक टक्के लोकांना बर्नआउट आहे' अशी विधाने सावधगिरीने वाचावी लागतात.

दुसरा आक्षेप जबाबदारीविषयी आहे. ध्यानधारणेचे वर्ग व ताण-नियोजनाच्या कार्यशाळा भरवून संस्था मूळ कामाची रचना मात्र तशीच ठेवतात आणि थकव्याचा दोष व्यक्तीच्या सहनशक्तीवर येतो, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. तिसरा आक्षेप वर्गीय स्वरूपाचा आहे. या विषयावरील चर्चेत सुस्थित व्यावसायिकांना अधिक स्थान मिळते. ज्यांना नोकरी सोडण्याचा वा सुटी घेण्याचा पर्यायच नाही अशा कष्टकरी, कंत्राटी व घरकाम करणाऱ्या व्यक्तींच्या थकव्याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. वेतन नसलेले घरकाम व आजारी वा वृद्ध व्यक्तींची शुश्रूषा यांतून येणारा थकवाही जागतिक आरोग्य संघटनेच्या व्यवसायापुरत्या मर्यादित व्याख्येत बसत नाही.